वेल्ह्याच्या चिखलासाठी जुनी फोर-बाय-फोर घ्यावी का?

प्रश्न

वारज्यात राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय 39, नोकरी हिंजवडीत, गाडी रोज त्याच चालवतात. घरात पती, आठ वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. सासऱ्यांचे गुडघे दुखरे. वेल्ह्याच्या पुढे सासऱ्यांची वडिलोपार्जित जमीन आहे, तिथे दोन खोल्या बांधल्यात आणि महिन्यातून दोनदा सगळे जातात. डांबरी सोडल्यावर पाऊण किलोमीटर कच्चा रस्ता आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांची हॅचबॅक तिथे दोनदा रुतली. दोन्ही वेळा एकाच जागी, भाताच्या खाचरांचं पाणी रस्त्यावर येतं त्या वळणावर. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढून काढावी लागली.

आता नऊ-दहा लाखांत जुनी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, घ्यायचं घरात घाटतंय. पतींचा जीव 2012 च्या फॉर्च्युनरवर आहे (1,62,000 किलोमीटर, साडेनऊ लाख). दिरांनी 2018 ची थार शोधलीय (58,000 किलोमीटर, मोठे टायर, पुढे लोखंडी बंपर, पावणेनऊ लाख). ताई विचारतात: "जुनी गाडी गळ्यात पडेल अशी भीती वाटते. याच पैशात नवी छोटी एसयूव्ही घ्यावी, की आमच्यासारख्यांना फोर-बाय-फोरशिवाय पर्याय नाही?"

उत्तर

दोन्ही वेळा गाडी एकाच जागी रुतली, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या मते पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच. पाऊण किलोमीटरचा अख्खा रस्ता वाईट असता तर गाडी दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडली असती. इथे दोष पन्नास-साठ मीटरच्या एका पट्ट्याचा दिसतो. वरच्या खाचरांचं पाणी रस्त्यावर उतरतं, त्याला जायला चर नाही आणि ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्यांत ते साचून राहतं. हॅचबॅकचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकतं. एकदा पोट टेकलं की चाकांवरचा भार कमी होतो आणि ती जागच्या जागी फिरतात. म्हणजे पहिली अडचण गाडीच्या उंचीची आहे. चारही चाकांना ताकद मिळते की नाही, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

म्हणून आधी रस्त्याचा हिशेब करू. 60 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद पट्ट्यावर 15 सेंटिमीटर मुरूम टाकायचा तर 27 घनमीटर लागतो, म्हणजे साडेनऊ ब्रास. दाबल्यावर मुरूम बसतो, तेव्हा बारा ब्रास धरा. पण नुसता मुरूम चिखलावर ओतलात तर एक-दोन पावसाळ्यांत जमीन तो गिळून टाकेल. खाली दगडाचं सोलिंग हवं, वरच्या अंगाला चर हवी आणि पाणी पलीकडे न्यायला सिमेंटचा पाइप हवा. पाइप 300 मिलिमीटरपेक्षा बारीक टाकू नका, पालापाचोळ्यानं तुंबतो. काम एप्रिल-मे महिन्यात करून घ्या. रोलर मिळाला तर उत्तम, नाहीतर भरलेली ट्रॉली पाच-सात वेळा वरून फिरवा. रस्ता वहिवाटीचा असणार, तेव्हा आजूबाजूच्या शेतकऱ्यांना विचारून आणि ग्रामपंचायतीला कळवूनच हात घाला. मुरूम देणाऱ्याकडून रॉयल्टीची पावती मागून घ्या. गावात भाव विचारा आणि तो आकडा फॉर्च्युनरच्या पाच टायरांशेजारी लिहून पाहा. ते टायरच साठ हजारांच्या पुढे जातात. शिवाय ज्या शेजाऱ्यानं तुम्हाला दोनदा ओढून काढलं त्याचाही रस्ता सुधारेल.

प्रश्न गाडीचा होता, तर गाडीकडे येऊ.

फोर-बाय-फोर म्हटलं की सगळ्या गाड्या एकाच माळेत ओवल्या जातात. प्रत्यक्षात तुमच्यासमोर तीन वेगळे प्रकार येतील. पहिला पार्ट-टाइम. एरवी मागची दोनच चाकं ओढतात आणि दांडा किंवा बटण वापरलं की पुढची जोडली जातात. जुनी थार, स्कॉर्पिओची फोर-व्हील-ड्राइव्ह आवृत्ती, जिप्सी आणि जिमनी या गटातल्या. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल यात एकमेकांना जखडला जातो, म्हणून कोरड्या डांबरावर हा मोड वापरायचा नाही. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, तो फरक जिरायला जागा मिळत नाही आणि ताण ट्रान्सफर केसच्या (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीच्या) चेनवर, जॉइंटवर येतो. दुसरा प्रकार फुल-टाइम. तुम्ही पाहताय ती पहिल्या पिढीची फॉर्च्युनर फोर-बाय-फोर असेल तर ती या गटातली. मध्ये डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी जोडणी) असल्यामुळे चारही चाकं कायम चालतात, डांबरावरही. चिखलात ते डिफरन्शियल लॉक करता येतं. तिसरा प्रकार ऑल-व्हील-ड्राइव्ह, उदाहरणार्थ डस्टर किंवा एक्सयूव्ही 500 मधला. पुढची चाकं घसरली की मागे ताकद जाते. यात लो-रेंज (गाडी अगदी हळू पण जास्त जोरानं ओढणारे गिअर) नसते आणि खोल चिखलात बराच वेळ झटापट केली की जोडणी तापून स्वतःच सुटते. साठ मीटरच्या पट्ट्याला मात्र ती पुरून उरेल.

2012 पासून फॉर्च्युनर टू-व्हील-ड्राइव्हमध्येही मिळू लागली. बाजारात "फॉर्च्युनर म्हणजे फोर-बाय-फोर" असं सर्रास गृहीत धरलं जातं आणि विकणाराही ते खोडून काढत नाही. आत गिअरच्या शेजारी ट्रान्सफर केसचा दुसरा दांडा आहे का ते बघा. आरसीवरचं मॉडेलचं नावही वाचा. थारचंही तसंच. जानेवारी 2023 पासून नवी थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या रूपातही मिळते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

फोर-बाय-फोर ब्रेक लावत नाही, हे कुणी सांगत नाही. चिखलातून निघायला ती मदत करते. पाबे घाटाच्या ओल्या उतारावर थांबायला तुम्हाला तेच चार टायर आणि तेच ब्रेक असतात, आणि गाडी जवळपास दोन टनांची असेल तर थांबायला अंतर जास्तच लागतं. वेल्हं, ताम्हिणी, वरंधा, मुळशी या सगळ्या रस्त्यांना पावसाळ्यात चांगले टायर आणि सावध पाय लागतो. फोर-बाय-फोर लागत नाही.

आता वापर मोजू. महिन्यातून दोनदा म्हणजे पावसाच्या चार महिन्यांत आठ-नऊ फेऱ्या. उरलेले दिवस गाडी वारजे ते हिंजवडी, चांदणी चौकातून, गिअर दोन-तीनमध्ये सरकत जाणार. रोजचे तीस आणि वेल्ह्याच्या फेरीचे सव्वाशे धरले तर वर्षाला दहा-साडेदहा हजार किलोमीटर होतात. जुनी फॉर्च्युनर या वापरात आठ-नऊचं अ‍ॅव्हरेज देईल, नवी छोटी डिझेल एसयूव्ही सोळा-सतराच्या आसपास. डिझेल नव्वद रुपये धरलं तरी वर्षाला पन्नास हजारांचा फरक पडतो. त्यात ही गाडी 4.7 मीटर लांब. तुमच्या सोसायटीत किंवा ऑफिसात मेकॅनिकल पार्किंग असेल तर आधी त्या खांबावर लावलेली उंचीची आणि वजनाची मर्यादा वाचून या. पुण्यात अशा अनेक ठिकाणी मोठ्या एसयूव्हीला परवानगीच नसते, आणि हे गाडी घरी आणल्यावर कळतं.

म्हणजे फॉर्च्युनर वाईट का? मुळीच नाही. तिची चासी आणि इंजिन नीट राखलं तर लांबचा पल्ला गाठतं. प्रश्न तेरा-चौदा वर्षांच्या गाडीचा आहे. नोंदणीची पंधरा वर्षं 2027 मध्ये भरतात. मग तपासणी करून पाच वर्षांसाठी फेरनोंदणी, पर्यावरण कर, आणि नुसतं फेरनोंदणीचं शुल्कच एप्रिल 2022 पासून 600 वरून 5000 रुपये झालंय. या तीन लिटर इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे आणि तो दीड लाख किलोमीटरच्या आसपास बदलायचा असतो. तुमच्या गाडीचे 1,62,000 झालेत. बदलल्याचं बिल दिसलं नाही तर बदललेला नाही असंच समजा, कारण तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. या वयात इंजेक्टरही संशयाखाली येतात. थंड इंजिन चालू केल्यावर खडखड, पांढरा धूर किंवा पहिली दोन मिनिटं थरथर जाणवली तर सावध व्हा. चारही इंजेक्टर बदलायची वेळ आली तर खर्च लाखाच्या घरात जातो. साडेनऊ लाखांच्या गाडीसाठी आणखी दीड-दोन लाख बाजूला ठेवायची तयारी नसेल तर तिकडे वळू नका. तुमचं बजेट दहाचं आहे, म्हणजे गणित तिथेच अडतं.

थारबद्दल दिरांचं म्हणणं चिखलापुरतं बरोबर आहे. 2018 च्या सीआरडीई थारला लो-रेंज आहे, मागच्या अ‍ॅक्सलला मेकॅनिकल लॉकर आहे, आणि वेल्ह्यातला तो पट्टा ती सहज ओलांडेल. पण तुम्ही पाच माणसं आहात. तिच्यात पुढे दोन सीट आणि मागे समोरासमोर आडवी बाकं. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. मागच्या बाकावर आठ वर्षांची मुलगी आडवी बसणार आणि सासरे मागच्या दारातून वाकून आत चढणार. सातारा रस्त्यावरून नसरापूरपर्यंत ऐंशीच्या वेगानं जाताना ही रचना मला पसंत नाही, आणि या एका कारणावर मी ती गाडी यादीतून काढेन. नवी तीन दारांची थार (ऑक्टोबर 2020 नंतरची) सुरक्षिततेत खूप पुढची आहे, ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला चार तारे मिळालेत. पण तीही चौघांची, मागे दारं नाहीत. जिमनीसुद्धा चौघांचीच.

त्यात ती थार "सजवलेली" आहे. मोठे टायर लावले की स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो, ब्रेकवर आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर भार वाढतो, क्लच लवकर जळतो. पुढच्या लोखंडी बंपरवर डिसेंबर 2017 पासून बंदी आहे. त्यासाठी दंड होतो तो वेगळा, अपघातात मात्र धडकेचा मार शोषला न जाता सरळ चासीवर जातो. अशी गाडी हौशी माणसानं जिवापाड जपलेली असू शकते, किंवा दर रविवारी दगडांवर आपटलेलीही असू शकते. कुठली आहे ते खालून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मग तुम्ही काय पाहावं? दहा लाखांत, पाच माणसांसाठी, चार दारांची आणि चारही चाकांची गाडी हवीच असेल तर दोन नावं सुचवतो. एक, डस्टर ऑल-व्हील-ड्राइव्ह, 2014 नंतरची 110 पीएस डिझेल. बसायला कारसारखी, उंची भरपूर, मागचं सस्पेन्शन स्वतंत्र असल्यानं खड्ड्यांत सासऱ्यांना दणके कमी बसतात. पहिला गिअर मुद्दाम लहान दिलाय, त्यामुळे लो-रेंज नसूनही ती हळू चढते. उणं म्हणजे ही पिढी आता बनत नाही. नेहमीचे भाग मिळतात, पण ऑल-व्हील-ड्राइव्हच्या मागच्या जोडणीचा एखादा भाग गेला तर वाट पाहावी लागते. तिलाही टायमिंग बेल्टच आहे, त्याचं बिल मागाच. दुसरं नाव स्कॉर्पिओची फोर-व्हील-ड्राइव्ह, साधारण 2015 ते 2019 ची. शहरात अवजड वाटेल, अ‍ॅव्हरेज दहा-बारा. पण तिच्या 2.2 लिटर इंजिनाला टायमिंग चेन आहे, लो-रेंज आहे, भाग नाना पेठेत मिळतात आणि वेल्ह्यातला मिस्त्रीही ती खोलू शकतो. चढायला पायरी मात्र लावून घ्या.

तिसरा रस्ता तुम्ही स्वतःच सुचवलाय, आणि मला तोच जास्त पटतो. 200 मिलिमीटरच्या आसपास उंचीची, दोन चाकांवर चालणारी नवी किंवा दोन-तीन वर्षं जुनी छोटी एसयूव्ही, तिला चिखलात पकड देणारे ऑल-टेरेन टायर, आणि त्या वळणावर सोलिंग-मुरूम. आठ-नऊ फेऱ्यांतल्या सात-आठ यात निभावतील. एखाद्या जुलैतल्या धुवाधार शनिवारी डांबरीवर गाडी लावून पाऊण किलोमीटर चालावं लागेल. सासऱ्यांना ते जमणार नाही हे खरं, पण अशा दिवशी ओढ्याला पाणी किती आहे हेही कुणाला सांगता येत नाही, आणि तेव्हा फोर-बाय-फोर घेऊनही पाण्यात शिरायचं नसतंच. नवी डिझेल घेतलीत तर एक लक्षात ठेवा. बीएस-6 डिझेलमध्ये काजळी पकडणारा डीपीएफ असतो, आणि नुसत्या छोट्या शहरी फेऱ्यांनी तो तुंबतो. तुमच्या वेल्ह्याच्या फेऱ्या त्याला पुरेशा आहेत. महिन्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास एका लयीत गाडी पळाली की काजळी जळून जाते.

तरीही घरात जुन्या फोर-बाय-फोरवर एकमत झालं, तर तपासणी अशी करा. नुसतं "ओळखीचा मेकॅनिक बघून गेला" पुरत नाही. बहुतेक मेकॅनिक इंजिन ऐकतात आणि बॉडी बघतात. फोर-बाय-फोरमधला महाग भाग त्या दोन्हींच्या खाली असतो.

गाडी रॅम्पवर किंवा लिफ्टवर चढवायचीच. विक्रेता नको म्हणाला तर तिथूनच परत या. खाली पुढच्या प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला (मागचं सस्पेन्शन स्वतंत्र असेल तर मागेही) रबरी बूट असतो. तो फाटून ग्रीस उडालंय का बघा. बूट काही शेकड्यांत येतो, फाटलेल्या बुटातून माती शिरून गेलेला जॉइंट हजारांत जातो. प्रोपेलर शाफ्ट हातानं धरून पिळा. त्याच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये किटकिट लागली तर बदलाचा खर्च आलाच. मग चार तेलं: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं डिफ (डिफरन्शियल), मागचं डिफ. मिस्त्रीला प्रत्येकाचा भरायचा नट उघडून करंगळी घालायला सांगा. तेल काळं निघालं तर ते जुनं आहे, बदलता येतं. दुधाळ, चहासारखं निघालं तर आत पाणी गेलंय. गरम डिफ पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. डिफला हवा खेळवणारी श्वासाची नळी तुटली किंवा तुंबली असेल तर ते सीलमधून आत येतं. अशा पाण्यानं बेअरिंग गंजतात आणि पुढे साठच्या वेगाला मागून हुंकारासारखा आवाज येऊ लागतो. करंगळीला बारीक चकचकीत चुरा लागला तर चालतं, खरखरीत कण लागले तर गाडी सोडा.

चासीवर लहान हातोडीनं ठिकठिकाणी टकटक करा. घट्ट लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, गंजलेल्याचा बसका. दिवेआगर-गुहागरच्या पुळणीवर मिरवलेल्या गाड्या बाजारात बऱ्याच येतात. वरून चकाचक असतात, खाली ब्रेकच्या नळ्या आणि बोल्टची डोकी मिठानं खाल्लेली. नुकताच मारलेला जाड काळा रंग दिसला तर तो कशावर मारलाय हे नखानं खरवडून बघा.

मग चालवून पाहणं. आधी इंजिन पूर्ण थंड असताना पोचा. "तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली" हे सौजन्य नव्हे. फोर-बाय-फोरची परीक्षा मातीच्या किंवा गवताच्या मैदानात घ्यायची, डांबरावर नाही. पार्ट-टाइम गाडी असेल तर गाडी उभी करून 4-हाय (चारही चाकं, नेहमीचे गिअर) लावा, दिवा लागला की स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. गाडी अडखळत, ओढल्यासारखी फिरली पाहिजे. ही ओढ म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल खरंच जोडला गेल्याची खूण. लोण्यासारखी फिरली तर दिवा लागूनही पुढे काही पोचत नाहीये. व्हॅक्यूमची नळी फाटलेली असेल, नाहीतर शिफ्टची मोटर गेलेली. फुल-टाइम फॉर्च्युनर सेंटर लॉक न लावता मऊच फिरेल. तिथे लॉक लावून हाच प्रयोग करा. मग पूर्ण थांबा, न्यूट्रल, क्लच दाबून 4-लो (चारही चाकं, लो-रेंज). पहिल्या गिअरमध्ये पाय सोडून द्या, गाडी माणसाच्या चालीनं चालली पाहिजे. मध्येच कडकड आवाज येऊन गिअर बाहेर फेकला गेला तर ट्रान्सफर केस आतून झिजलीय. शेवटी पुन्हा दोन चाकांवर आणा आणि पाच-दहा मीटर मागे घ्या, म्हणजे अडकलेला ताण सुटतो. वर्षानुवर्षं न वापरलेली फोर-बाय-फोर ही वापरलेल्या गाडीइतकीच शंकास्पद. "कधी लावलीच नाही हो" हे ऐकून खूश होऊ नका, आतल्या फोर्क आणि सील जागच्या जागी आखडतात.

क्लचसाठी हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक, फिरत राहिलं तर संपलाय. हा प्रयोग एकदाच करा.

पाचही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले हवेत. फुल-टाइम आणि ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत हे फार महत्त्वाचं आहे. दोन नवे, दोन जुने असले की घेर बदलतो आणि मधली जोडणी सतत घासत राहते. टायरवर चार आकडी तारीख असते: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर खोल नक्षीचे दिसले तरी त्यांची किंमत शून्य धरा.

पुरात बुडालेली गाडी ओळखायची एक साधी जागा सांगतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. विक्रेता सगळं धुतो, पण गुंडाळीत आत राहणारा हातभर पट्टा सहसा विसरतो. तिथे गढूळ रेघ दिसली तर पुढचं काही बघू नका. मग सीटच्या रुळांचे बोल्ट, गालिच्याखालचं फोम, फ्यूजबॉक्सची पितळी टोकं. सप्टेंबर 2019 मध्ये आंबिल ओढ्याला आणि जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्याला पाणी आलं, 2019 आणि 2021 ला सांगली-कोल्हापूर बुडालं, 2021 लाच चिपळूण. त्या भागातली गाडी असेल तर त्या तारखांनंतरचे विमा दावे आणि सर्व्हिस सेंटरमधली नोंद गाडीच्या नंबरवरून काढून घ्या. किलोमीटर मागे फिरवलेत का, तेही तिथेच कळतं.

कागदांचं थोडक्यात. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून मालक कितवा, बँकेचा बोजा, विमा, पीयूसी आणि काळ्या यादीतली नोंद बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली ई-चलनं विक्रेत्यानंच भरायची. एप्रिल 2019 आधीच्या गाडीला एचएसआरपी (सरकारमान्य सुरक्षा) नंबरप्लेट बसलेली हवी, नाहीतर आरटीओत नावावर करायचं काम अडतं. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर तुमच्या समोर सही घ्या आणि तीस दिवसांत नाव बदलून घ्या. कोऱ्या सहीचे फॉर्म घेऊन "नंतर करू" म्हणणाऱ्या एजंटाच्या भानगडीत पडू नका. विमा चौदा दिवसांत तुमच्या नावे करायचा असतो. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, म्हणून हप्ता वाढेल तो आधीच धरा. बंपर, मोठे टायर, हार्डटॉप असे बदल आरसीत नोंदलेले नसतील तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी तेच बोट दाखवते. दिल्लीहून आलेली स्वस्त डिझेल गाडी दिसली तर तिथल्या वयाच्या निर्बंधामुळे ती इकडे आलीय हे समजा. एनओसीनंतर इथला कर वयाची सूट वजा जाऊन पुन्हा भरावा लागतो, आणि स्वस्ताई तिथेच संपते.

भाव ठरवताना तपासणीत निघालेल्या प्रत्येक गोष्टीचा लेखी अंदाज गॅरेजवाल्याकडून घ्या आणि तो कागद पुढे ठेवून बोला. "थोडं कमी करा ना" यापेक्षा "बेल्ट, चार तेलं आणि दोन बूट यांचे इतके" हे वाक्य जास्त चालतं. घेतल्यावर पहिल्याच महिन्यात इंजिन ऑइल, चारही तेलं, कूलंट, ब्रेक ऑइल आणि सगळे फिल्टर बदलायचे, मागचा मालक काहीही म्हणो. प्रत्येक तेलाचं माप आणि ग्रेड गाडीच्या पुस्तकातलीच घ्यायची. एकूण किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी ठेवा.

पतींशी बोलताना एक सुचवतो. त्यांना फॉर्च्युनर आवडते, यात चुकीचं काही नाही. माणसं गाडी नुसत्या गरजेपोटी घेत नाहीत. पण मग ती आवड म्हणून घ्या, वेल्ह्याच्या रस्त्याच्या नावावर घेऊ नका. रस्त्याचं कारण पुढे केलं की तुमच्या शंकेला जागा उरत नाही, आणि रोज ती गाडी चांदणी चौकातून तुम्हालाच काढायचीय. निर्णयाआधी एकदा दोघांनी मिळून तसलीच गाडी दोन दिवस भाड्यानं घ्या. सोमवारी सकाळी हिंजवडीला तुम्ही न्या, संध्याकाळी सोसायटीत तुम्हीच लावा, आणि सासऱ्यांना चढवून-उतरवून बघा.

हा पावसाळा आहे त्याच हॅचबॅकवर काढायचा असेल तर डिकीत एक हवा भरायचा छोटा कंप्रेसर, जाड ओढपट्टा आणि दोन लाकडी फळ्या ठेवा. चिखलात शिरण्याआधी टायरची हवा वीस-बावीसवर आणा, दुसऱ्या गिअरमध्ये एकसारख्या वेगानं काढा, मध्ये थांबू नका आणि पलीकडे गेल्यावर हवा पुन्हा भरा. चाकं फिरायला लागली तर अ‍ॅक्सिलरेटर लगेच सोडा. जोर लावत राहिलात की ती खोल खड्डाच करतात. ओढून काढायची वेळ आलीच तर पट्टा गाडीसोबत मिळालेल्या टो-हुकालाच अडकवा, बंपरला नको, आणि ताणलेल्या पट्ट्याच्या रेषेत मुलीला उभं राहू देऊ नका.